तिघांचे बहुमत

नियंत्रक तीनच का, हा प्रश्न त्या रात्रीपर्यंत आम्हांला पडला नव्हता. व्हीएमवेअरच्या जुन्या एनएसएक्समध्ये (त्याचा सर्वसाधारण आधार २०२२ साली संपला) नेटवर्क कंट्रोलरची आभासी यंत्रे एकामागून एक उभी करावी लागत. पहिले स्थिरावल्याखेरीज दुसऱ्याला हात लावायचा नाही. एवढे सोवळे आम्ही मनोभावे पाळले. तिघे तीन निरनिराळ्या सर्व्हरांवरच राहावेत, हा नियम लिहायचा मात्र राहिला. भार वाटणाऱ्या यंत्रणेने केव्हातरी तिघांनाही एकाच सर्व्हरवर आणून बसवले आणि तोच बंद पडला. तिघांतले दोघे जिवंत असले तर बहुमत टिकते; येथे एकही नव्हता. दुसरीकडे उठून बसायला जागाही नव्हती. ती काटकसर आमचीच. गंमत अशी (तेव्हा ती गंमत वाटली नाही), की इतर सर्व्हरांवरची जुनी यंत्रे एकमेकांशी पूर्ववत बोलत होती. कोण कोठे राहतो हे त्यांच्या सर्व्हरांना आधीच ठाऊक होते. नव्याने जन्मलेली तेवढी मुकी. म्हणून दोन तास आम्ही त्या नवजातांतच दोष शोधत बसलो.

नियम लिहायला मिनिटही लागले नाही. ते तीन सर्व्हर एकाच रॅकमध्ये, एकाच विजेच्या तारेवर आहेत, हे लक्षात आले तेव्हा उजाडले होते.