आलेसांद्रियाची टोपी

आमच्या घराण्यात टोपी म्हटली की ती काळी. वडिलांची टोपी दारामागच्या खुंटीवर दिसली की वडील घरात आहेत, आणि खुंटी रिकामी असली की गल्लीत हुंदडायला हरकत नाही, एवढे टोपीशास्त्र मी पाचव्या वर्षीच शिकलो होतो. पुढे आमच्या पिढीने टोपी सोडली. मी बोडक्या डोक्याने चौतीस वर्षे नोकरी केली, पेन्शनीत निघालो, आणि माझ्या पाठोपाठ डोक्यावरचे केसही सेवानिवृत्त झाले. अशा या माणसाने वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी जन्मातली पहिली टोपी विकत घेतली. आणि तीही काळी नव्हे, तर राखी रंगाची साहेबी फेल्ट हॅट, इटलीतल्या आलेसांद्रिया नावाच्या गावात!

तिथे मी गेलो कसा, ते आधी सांगितले पाहिजे. आमची मुलगी तूरिनला नोकरी करते. चार वर्षांपूर्वी तिने तिकडच्याच एका मुलाशी लग्न केले. लग्नाला मी गेलो नाही. गुडघ्याचे कारण सांगितले. गुडघा दुखत होता हे खरे; पण त्याच महिन्यात तो सिंहगड चढून आला होता हेही खरे, आणि ते आमच्या सौभाग्यवतींनी मला पुढे चार वर्षे विसरू दिले नाही. अखेर गेल्या नोव्हेंबरात त्यांनी परस्पर तिकिटे काढली, लोणच्याची बरणी बांधली आणि "येताय ना?" एवढेच विचारले. मी निघालो.

व्याह्यांचे घर आलेसांद्रियाला. तूरिनहून आगगाडीने तासाभराची वाट. दोन्ही बाजूंना सपाट शेते आणि त्यांवर धुके. हे धुके म्हणजे आपल्या महाबळेश्वरचे हौशी धुके नव्हे. ते सकाळी येऊन मुक्कामालाच बसते. स्टेशनावर उतरलो तेव्हा दहा पावलांवरचे दिसत नव्हते. आधी दिसली ती एक तपकिरी हॅट, आणि मग तिच्याखालचे व्याही. त्यांनी हॅट काढून छातीशी धरली, मी हात जोडले, आणि आमचे संभाषण तिथेच संपले. त्यांना इटालियनखेरीज काही येत नाही, आणि मला इटालियनखेरीज तीन भाषा येतात!

गाव मात्र मोठे गमतीचे. ११६८ साली ते वसले आणि पोप तिसऱ्या अलेक्झांडरचे नाव त्याला मिळाले. थोड्याच वर्षांत बार्बारोसा बादशहाने त्याला वेढा घातला. दंतकथा अशी की, गावात अन्न संपत आले तेव्हा गाल्याउदो नावाच्या एका गुराख्याने उरलासुरला गहू आपल्या गाईला पोटभर चारला आणि तिला तटाबाहेर सोडले. शत्रूने गाय पकडून कापली तर पोटात गहू! जिथे गुरांना गहू घालतात तिथे माणसे उपाशी मरायची कधी, असे म्हणून बादशहाने ११७५ साली वेढा उठवला. मुलीने ही कथा सांगितली तेव्हा मी म्हटले, "म्हणजे बादशहाला टोपी घातली म्हण की!" ती हसली. जावईबापूंनी कारण विचारले, आणि मराठी वाक्प्रचार इटालियनमध्ये समजावता समजावता आम्ही तानारो नदीचा पूल ओलांडून पलीकडच्या जुन्या किल्ल्यापर्यंत चालत गेलो.

टोप्या घालण्याचा हा उद्योग त्या गावाने पुढे अक्षरशः केला. जुझेप्पे बोर्सालिनो नावाच्या कारागिराने पॅरिसला विद्या शिकून १८५७ साली इथे कारखाना काढला, आणि बोर्सालिनो म्हणजेच हॅट असे जगाने ठरवून टाकले. १९७० साली त्या नावाचा फ्रेंच चित्रपटसुद्धा निघाला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इथून वर्षाला सुमारे २० लाख टोप्या बाहेर पडत. कामाला बायका फार. त्यांना गावात 'बोर्सालिने' म्हणत. २०२३ साली कंपनीच्या जुन्या वास्तूत संग्रहालय उघडले आहे, ते आम्ही पाहिले. तिथे मला पहिल्यांदा कळले की, फेल्ट हे विणलेले कापडच नव्हे. सशाची बारीक लव गरम पाणी, वाफ आणि दाब देऊन एकमेकींत गुंतवायची, ती आटत आटत घट्ट होते. आपल्याकडचा बुरणूस लोकरीचा होतो तसाच प्रकार. मोठ्या सुपाएवढा सैल शंकू आटून आटून डोक्याएवढा होतो. सारा खेळ वाफेचा.

संग्रहालयातून निघाल्यावर व्याह्यांनी मला एका छोट्या दुकानात नेले. दुकानदाराने कपाळाच्या मध्यावरून आणि कानांच्या वरून फीत फिरवली. डोके भरले साडेसत्तावन्न सेंटिमीटर. व्याह्यांनी लगेच अठ्ठावन्नची तपकिरी टोपी पुढे केली. मला राखी हवी होती, आणि राखी फक्त सत्तावन्नची होती. व्याही मान हलवीत म्हणाले, "पियानो, पियानो." इथे बाजाच्या पेटीचा काय संबंध, हे मला कळेना. खरे सांगायचे तर मला कळूनही घ्यायचे नव्हते. मुलीचे लग्न मला न विचारता ठरले. निदान माझ्या डोक्याचे माप तरी मी ठरवीन, असा काहीतरी हट्ट मनात होता. व्याही पैसे देऊ लागले, तेही मी देऊ दिले नाहीत. सत्तावन्नची राखी टोपी डोक्यावर दाबून मी बाहेर पडलो.

पंधरा मिनिटांत टोपीने सूड घेतला. डोकी काही बांगडीसारखी गोल नसतात. कोणाचे नारळासारखे, तर कोणाचे पपईसारखे. माझे पपईच्या जातीचे निघाले. कानांवर बोट जाईल एवढी फट, आणि कपाळावर व पाठीमागे अडकित्त्यात सुपारी धरावी तशी पकड! तरी विचारले की "छान आहे" म्हणत मी दोन दिवस ती वागवली. तिसऱ्या दिवशी जेवायला बसताना टोपी काढली आणि कपाळावरची लाल रेघ व्याह्यांना दिसली.

ते काही बोलले नाहीत. उठले आणि चुलीवर किटली ठेवली. मला वाटले, चहा. पण त्यांनी माझी टोपी उचलली. आणि तेव्हा ध्यानात आले की मी ती इतके दिवस चुकीची उचलत होतो. मी शेंड्याला चिमटीत धरी. त्याने तिथली घडी पिचकते. ते कडेला दोन्ही हातांनी धरीत. आतली चामड्याची पट्टी त्यांनी बाहेर उलटवली, किटलीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर टोपी धरली आणि हळूहळू फिरवू लागले. एका जागी थांबायचे नाही, भिजवायचे नाही. चामडे फार तापले तर सैल होण्याऐवजी आखडते. "वापोरे," ते म्हणाले. "वाफ," मी म्हणालो. आमच्या दोघांच्या भाषेत सापडलेला हा पहिला शब्द!

पट्टी आत घालून त्यांनी ती कोमट टोपी माझ्या डोक्यावर ठेवली, कपाळावर जिथे रेघ होती तिथेच नीट बसवली, आणि खांदा दाबून मला खुर्चीवर बसवले. मुलीने सांगितले, "बाबा, गार होईपर्यंत काढायची नाही. अर्धा तास. वाफेने ती मऊ झालीय, आता गार होताना तुमच्या डोक्याचा आकार घेईल. एका मापाचाच फरक होता म्हणून निभावलं. आणि 'पियानो' म्हणजे हळूहळू."

"यांना हे कसं ठाऊक?"

"त्यांची आई टोप्यांच्या कारखान्यात होती."

एकट्याने टोपी घालून बसायला मला संकोच वाटेल म्हणून की काय, व्याह्यांनीही आपली तपकिरी टोपी आणून डोक्यावर घातली आणि समोर बसले. स्वयंपाकघरात दोन म्हातारे, टेबलावर लोणच्याची बरणी, डोक्यांवर टोप्या, आणि बोलायला एक शब्द! आमची ही आणि विहीणबाई दाराशी उभ्या राहून पदर आणि एप्रन तोंडाला लावून हसत होत्या.

आणि त्या अर्ध्या तासात मला एकाएकी आठवले. आपल्या लग्नात व्याहीभेट असते. दोन्ही बाप समोरासमोर येतात, एकमेकांना टोपी-उपरणे देतात, गळाभेट घेतात. माझ्या वडिलांनी माझ्या सासऱ्यांच्या डोक्यावर अशीच टोपी ठेवली होती. आमची भेट राहून गेली होती. गुडघ्यामुळे! चार वर्षांपूर्वी हा माणूस टोपी छातीशी धरून माझी वाट पाहत उभा असेल, आणि मी सिंहगडावर पिठले-भाकरी खात होतो. टोपी गार झाली तरी मी काढली नाही. मुलीकडे पाहून म्हटले, "लग्नाला यायला हवं होतं मी." तिने भाषांतर केले नाही. नुसते माझ्या खांद्यावर डोके टेकले. टोपीची कड तिच्या केसांत लागली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा वाफ दिली. मग रोज थोडा थोडा वेळ घालून फिरलो. आठवड्याने टोपी डोक्यावर आहे हे विसरून मी ती शोधू लागलो, तेव्हा ती बसली असे सर्वानुमते ठरले. निघण्यापूर्वी मी फीत मागून घेतली आणि व्याह्यांचे डोके मापले. एकोणसाठ.

पुण्याला परतल्यावर एकोणसाठची काळी टोपी करून घेतली आणि उपरण्यासह पाठवून दिली. महिन्याने मुलीने फोटो धाडला. व्याही टेबलाशी बसलेले, खांद्यावर उपरणे, डोक्यावर काळी टोपी, अगदी सदाशिव पेठेतले वाटावेत असे. पण मागे चुलीवर किटली! मी ताबडतोब फोन केला.

"अगं, त्यांना सांग, या टोपीला वाफ द्यायची नाही. आत पुठ्ठा असतो. नुसती घालून बसायचं. आपोआप बसते."

"पियानो, पियानो?" मुलीने विचारले.

"तेच ते," मी म्हणालो.