मांडव घालण्यापूर्वी

मु. पो. पोंभुर्णा, जि. चंद्रपूर
कार्तिक वद्य पंचमी

चि. सौ. कां. ताईस मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. लग्नकार्य पोंभुर्ण्यासच करावे, आणि ते करताना भोवतीच्या रानाला, पाण्याला व मुक्या जनावरांना आपल्या आनंदाची झळ पोहोचू नये, असे तुम्ही उभयतांनी ठरवल्याचे वाचून फार समाधान वाटले. वनखात्याच्या चाकरीत माझी सारी हयात याच मुलखात गेली. त्या अधिकाराने हे सविस्तर लिहीत आहे.

तू सामानाची यादी मागितली आहेस. ती मी देतोच. परंतु यादीच्या आधी दोन गोष्टींचा निर्णय व्हावयास हवा : एक तिथीचा आणि दुसरा पंगतीच्या गणतीचा. वस्तू रानातली असली म्हणजे ती रानाला जड होत नाही, ही समजूत बरोबर नव्हे. पळसाची पाने आणि जांभळीच्या डहाळ्यासुद्धा हिशेबाबाहेर ओरबाडल्या तर रान उघडे पडते. तेव्हा पर्यावरणाची काळजी म्हणजे मुख्यतः मर्यादेची काळजी, हे माझे या पत्रातील मुख्य सांगणे आहे.

तिथीविषयी बोलायचे तर वैशाखाचा आग्रह धरू नये. चैत्रात मोहफुलांचा वेच संपतो न संपतो तोच तेंदूपत्त्याची तोडणी सुरू होते. वर्षाच्या रोकड कमाईचा मोठा हिस्सा ज्या थोड्या दिवसांत हाती यायचा, त्याच दिवसांत पहाटे रानात जाणाऱ्या कुटुंबांना लग्नाचे बोलावणे करणे म्हणजे त्यांची मजुरी बुडवणे होय. शिवाय त्या सुमारास मालगुजारीच्या काळातील तलाव, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, तळाला गेलेले असतात, विहिरी खरवडाव्या लागतात, आणि पंगतीसाठी टँकर आणावा तर ते पाणी कुणाच्या तरी वाट्यातूनच येते. याउलट माघात धानाची चुरणी उरकलेली, नवा तांदूळ घरात आलेला, तलावात पाणी शिल्लक आणि हवा सुखाची असते. मुहूर्तही सकाळचा धरावा. दिवसा लग्न झाले म्हणजे जनरेटर लागत नाही, दिव्यांचा झगमगाट लागत नाही, आणि दूरदूरच्या खेड्यांतील पाहुणे, वाघाचा वावर असलेल्या वाटांनी, दिवस मावळण्यापूर्वी घरी पोहोचतात. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मनाई करणारे नियम २००० सालापासून अंमलात आहेतच. पण कायदा नसता तरी रानाच्या कडेला डीजे लावणे मला गैर वाटले असते. सनई आणि डफडे आपल्या कार्याला पुरेसे आहेत.

आता पत्रावळी. माघात पळस पाने झाडू लागतो, म्हणून पाने आत्ताच, ती जून आणि चिवट असताना, तोडून, थप्पीने दाबून वाळवून ठेवावी लागतील. शिवण्यापूर्वी त्यांवर पाणी शिंपडतात, पान मऊ पडते. मग एक पान मध्ये धरून भोवती दुसरी लावत, बांबूच्या बारीक काडीने टाका घालत, बायांचे हात असे चालतात की पत्रावळ पाहता पाहता गोल होते. हे काम येथील बायांना योग्य दाम देऊन करवून घ्यावे, फुकट मागू नये. जेवणानंतर ती पत्रावळ उकिरड्यात कुजून शेताचे खत होते. थर्मोकोलच्या ताटांवर महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये बंदी घातली खरी, पण बाजारात पत्रावळीच्या नावाने मिळणारी चकचकीत कागदी ताटे पुष्कळदा पन्नीचा थर दिलेली असतात, आणि अन्नाच्या वासाने गायीगुरे ती खातात; त्यांना मुळीच थारा देऊ नये. पाण्याला पितळी लोटे आणि पेले बचत गटाकडून भाड्याने घेता येतील.

मांडवासाठी बांबू मानवेलाचा, आणि तो बुरडांकडून किंवा शेताच्या बांधावरचा घ्यावा. वनक्षेत्राबाहेर वाढलेल्या बांबूची गणना २०१७ च्या दुरुस्तीपासून वृक्षांत होत नाही, त्यामुळे त्याच्या तोडीला पूर्वीसारखी अडचण राहिलेली नाही. कार्य उरकल्यावर तेच बांबू कुंपणाला आणि दोडक्याच्या वेलाला कामी येतील. जांभळीची डहाळी मात्र मांडवाच्या मानापुरती, एकच. सुपे आणि परड्याही बुरडांच्याच घ्या. छापील पत्रिका गाळाव्या : बल्लारपूरच्या कारखान्यात ज्या बांबूचा कागद होत आला, तो याच मुलखाच्या रानातला, हे ध्यानी घेतले म्हणजे एकदा वाचून टाकायच्या कागदाची किंमत कळते. वडीलधाऱ्यांना हाताने लिहिलेले पत्र आणि अक्षत द्यावी, इतरांना फोनवर निरोप पुरे.

गणतीचा प्रश्न नाजूक आहे, कारण तेथे प्रतिष्ठा आडवी येते. तुझ्या वडिलांना दोन गोष्टी सांग. २५ डिसेंबर १८७३ रोजी सत्यशोधक पद्धतीचा पहिला विवाह सावित्रीबाई फुल्यांच्या पुढाकाराने लागला, तो जवळजवळ पानसुपारीच्या खर्चात. त्या विवाहाचा हेतू पुरोहितशाहीतून सुटण्याचा होता, रान राखण्याचा नव्हे, तरी लग्नाची शोभा खर्चावर अवलंबून नाही हे त्या जोडप्याने सिद्ध करून ठेवले. आणि गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा पाहा. २००९ साली त्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हा त्यातून काय आणि किती घ्यावे याचा विचार ग्रामसभेत सर्वांच्या संमतीने करण्याची रीत त्याच्याजवळ आधीच होती. एवढे मोठे रान हाती असलेले गाव जर बसून मोजमाप ठरवते, तर दोन घरच्या मंडळींनी एका बैठकीत पंगतीची संख्या ठरवणे अवघड का व्हावे? ज्यांच्या घरी आपण सुखदुःखात जातो, तेवढ्यांना बोलवावे. बाकीच्यांच्या भेटीस पुढे दोघांनी मिळून जावे, त्यात त्यांचा मान अधिकच राहील.

तरी व्याह्यांशी बोलून माघातील तिथी आणि पानांचा नक्की आकडा लवकर कळव. पळसाची पाने मार्गशीर्ष संपण्यापूर्वी तोडावी लागतील, आणि आकड्यावाचून एकही पान तोडू नये असे मी ठरवले आहे.

कळावे. सर्वांस यथायोग्य नमस्कार-आशीर्वाद.

तुझा,
मामा