वरातीमागून घोडें

उत्तर सीमेवर नर्मदा आणि मधून तापी, अशा दोन महानद्या नंदुरबार जिल्ह्यास लाभल्या आहेत. तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशें तर दक्षिणकाशी म्हणून विख्यात आहे. परंतु तेथें स्नानसंध्या करणाऱ्या आम्हां लोकांनीं नदीच्या पोटांत कोण राहतें याची विचारपूस क्वचितच केली असेल. मनूच्या ओंजळींत आलेल्या माशाची कथा आम्ही वर्गांत अनेक वेळां सांगितली. त्या माशाचे वंशज मात्र आमच्या खिजगणतींत नव्हते.

सरदार सरोवराचें उदाहरण पाहावें. त्याची कोनशिला १९६१ सालीं बसली. केंद्र सरकारच्या पर्यावरणखात्यानें १९८७ सालीं दिलेली संमति सशर्त होती. वनस्पति, प्राणी इत्यादिकांच्या पाहण्या बांधकामाच्या जोडीनें पुऱ्या कराव्यात, असें ठरलें. जागतिक बँकेनें नेमलेल्या मोर्स समितीनें १९९२ सालीं अहवाल दिला, तेव्हां त्या पाहण्या अपुऱ्या आढळल्या. धरणाखालच्या नदीचा विचार तर नीटसा झालाच नव्हता. जन्मभर उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसास हा प्रकार विलक्षण वाटतो. येथें निकाल आधीं लागला आणि परीक्षा मागाहून!

या विलंबाची किंमत कोण देतो? महसीर मासा वाहत्या, प्राणवायुयुक्त पाण्यांत, खडकाळ तळावर अंडीं घालतो. पाणी तुंबून तळाशीं गाळ बसला कीं त्याचें सूतिकागृहच बुडालें. पाला मासा पावसाळ्यांत समुद्रांतून भडोचकडून नर्मदेंत चढतो; गोड्या पाण्याचा लोट कमी झाला, तर त्याला वाट कोणी दाखवावी? आणि अक्राणी-अक्कलकुव्यांतील तीरवासी भिल्ल-पावरा कुटुंबांच्या ताटांतील मासा हा चैनीचा पदार्थ नव्हता.

आम्ही कालव्यांचे शत्रु नाहीं. तापीवर प्रकाशें व सारंगखेडें येथें बंधारे झाले. कोरड्या शेतास पाणी मिळावें, हें कोणास नको आहे? आमचें म्हणणें इतकेंच कीं, परीक्षा वेळेवर व्हावी. एका उन्हाळ्यांत दोन दिवस जाळें टाकून नदी कळत नाहीं. तिन्ही ऋतूंत मोजणी हवी, वाळूंत अंडीं घालणाऱ्या कांसवांची नोंद हवी, आणि डोह कोठें व वीण केव्हां हें पिढ्यान्‌पिढ्या जाणणाऱ्या मासेमाराची साक्ष हवी. शिवाय धरणाखालीं बारमाही किती पाणी सोडणार, हें आधींच लिहून ठेवावें.

२००६ सालच्या अधिसूचनेप्रमाणें मोठ्या पाटबंधाऱ्यांच्या कामास मंजुरीपूर्वीं अहवाल व जनसुनावणी आवश्यक आहे. अशी सुनावणी जवळपास होईल तेव्हां घरांतील एका शिकलेल्या माणसानें तेथें अवश्य जावें, अहवाल मागून वाचावा आणि नदींतील जीवांची गणना कोणत्या महिन्यांत केली, एवढेंच विचारावें. या एका प्रश्नानेंहि पुष्कळ कांहीं उघडें पडेल.