लाइट गेली होती

संक्रांतीला गंगाखेडला गेलो तेव्हा शेतात चक्कर टाकली. ज्वारी हुरड्यात आली होती आणि पाखरं राखायला बटईदारानं दोऱ्या ताणून त्यांवर सीड्या लटकावल्या होत्या. हे हल्ली सगळीकडेच दिसतं. वाऱ्यानं एक फिरली आणि तिच्या पांढऱ्या अंगावर अण्णांचं अक्षर दिसलं. 'सामना. घरगुती वापरासाठी.' निळ्या मार्करची शाई उन्हानं उडत चाललेली. पलीकडे 'उंबरठा'. त्याच्या पलीकडे 'सिंहासन'.

या सीड्यांचं खोकं आईनंच देऊन टाकलं होतं. लावायला यंत्रच उरलं नाही तर ठेवून करायचं काय, हे तिचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नव्हतं. पण त्या दुपारी मला जेवण गेलं नाही.

अण्णा शाळेत भूगोल शिकवायचे. सिनेमाचं वेड त्यांना आधी फारसं नव्हतं. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात, प्रभातच्या जुन्या आवारात, म्हणजे आजच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, नायट्रेट फिल्मांच्या गोदामाला आग लागली आणि प्रभातच्या चित्रपटांची जुनी रिळं जळून गेली. नायट्रेटची फिल्म एकदा पेटली की विझत नाही. जळताना ती स्वतःच प्राणवायू सोडते, पाण्याखालीसुद्धा जळत राहते. पेपरात ती बातमी आली तेव्हा अण्णा दोन दिवस गप्प होते. मग म्हणाले, एकाच घरात सगळं ठेवलं की असंच होणार. त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी, फरकाची रक्कम हातात आल्यावर, परभणीहून त्यांनी डीव्हीडी रेकॉर्डर आणला. आईला वाटलं होतं यंदा इन्व्हर्टर येईल.

ते यंत्र टीव्हीखाली बसलं आणि रविवारच्या दुपारचा रंग पालटला. कोऱ्या डिस्कमध्ये चांगल्या प्रतीचं चित्र ठेवलं तर दोन तास मावतं. चार तासही मावतं, पण मग पळणाऱ्या माणसाभोवती चौकोन दिसू लागतात. वाहिनीवरचा सिनेमा जाहिरातींसकट तीन तासांवर जायचा. तेव्हा जाहिराती गाळणं आलंच. अण्णा दिवाणाच्या कडेवर पुढे झुकून बसायचे, रिमोट दोन्ही हातांत, अंगठा पॉजच्या बटणावर. जाहिरातीचा पहिला सूर आला की दाबायचं; सिनेमा परत सुरू झाला की पुन्हा दाबायचं. त्या सगळ्या वेळात त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही. चहा डाव्या हाताला ठेवायचा, आवाज न करता. तो अंगठा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. खडूनं भेगाळलेला, नखापाशी पांढरा, आणि बटणाच्या केसभर वर थांबलेला.

एवढी मेहनत कशाला, विकत मिळतं की, असं आमचे पुण्या-मुंबईचे पाहुणे म्हणायचे. त्या वाक्याचा राग मला आजही येतो. मोझर बेअरनं पुढं अठ्ठावीस रुपयांत व्हीसीडी आणि चौतीस रुपयांत डीव्हीडी विकायला काढली, हे खरं. पण आमच्या बाजारातल्या दुकानात मराठी म्हणून दादा कोंडके असायचे, लक्ष्या-अशोक असायचे, त्यापलीकडे काही मागितलं की दुकानदार हिंदीचा गठ्ठा पुढे करायचा. 'जैत रे जैत' गंगाखेडच्या दुकानात कधी दिसला नाही. पाहुण्यांना सांगून तरी काय उपयोग! त्यांच्या गावात फिल्म अर्काइव्ह १९६४ पासून आहे.

आणि चोरीचा प्रश्न अण्णांनी सोडवून घेतला होता. ओळखीच्या वकिलांकडे जाऊन कॉपीराइट कायद्याचं ३९ वं कलम त्यांनी वहीत उतरवून आणलं. स्वतःच्या खाजगी वापरासाठी प्रक्षेपणाचं ध्वनिमुद्रण किंवा दृश्यमुद्रण केलं तर प्रक्षेपकाच्या हक्काचा भंग होत नाही. अमेरिकेत सोनीच्या व्हिडिओ रेकॉर्डरवरून हाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि १७ जानेवारी १९८४ ला पाच विरुद्ध चार मतांनी घरगुती रेकॉर्डिंगला मोकळीक मिळाली. एका मतानं! पण प्रक्षेपकाचा हक्क वेगळा आणि सिनेमाच्या निर्मात्याचा वेगळा. निर्मात्याच्या बाजूनं खाजगी वापराची सूट आपल्या कायद्यात सिनेमापर्यंत पोहोचली ती २०१२ च्या दुरुस्तीनं. अण्णांना ही फट ठाऊक होती की नाही कोण जाणे; म्हणूनच बहुधा प्रत्येक डिस्कवर 'घरगुती वापरासाठी' असायचं, आणि डिस्क कुणाला उसनी मिळायची नाही. बघायची तर घरी या.

घरच्या अशा रेकॉर्डिंगनं काय काय वाचतं! बीबीसीनं 'डॉक्टर हू' या मालिकेच्या जुन्या टेपा पुसून टाकल्या. नव्वदहून अधिक भागांचं चित्र आजही हाती नाही. आवाज मात्र प्रत्येक भागाचा आहे, कारण त्या काळात काही पोरांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर तो धरून ठेवला होता. हे मी अलीकडे वाचलं. अण्णा असते तर त्यांना फोन करून सांगितलं असतं.

घरच्या घरी असं सांभाळून ठेवणं आमच्या गावाला नवीन नसावं. जनाबाईचं हे गाव. तिच्या नावावरचे तीनशेहून अधिक अभंग नामदेवांच्या गाथेत सांभाळले गेले, आणि गाथा कधी हातात न धरलेल्या बायांनी ते जात्यावर सांभाळले. विठ्ठलच तिचे अभंग लिहून घ्यायचा, अशी कथा आमच्या आजीच्या तोंडी होती. लिहून घेणारा देव आमच्या ओळखीचा होता.

'जैत रे जैत'ची डिस्क शेतात नव्हती. ती कपाटात, अण्णांच्या पेन्शनच्या कागदांत सापडली. वर लिहिलेलं: 'अपूर्ण. लाइट गेली.' या एका सिनेमासाठी ते वर्षभर वाट बघत होते. गाणी ना. धों. महानोरांची, म्हणजे पळसखेडच्या शेतकऱ्याची, आपल्या मराठवाड्याच्या माणसाची. वाहिन्या गाणी कापतात म्हणून त्यांना धास्ती होती. ती रात्र मला आठवते, निदान निम्मी आठवते, कारण मी झोपून गेलो. सकाळी डिस्क लागेना. यंत्र ती कोरी दाखवायचं. मुद्रण थांबवल्यावर यंत्र काही क्षण डिस्कवर आपली नोंद लिहीत असतं. त्यात वीज तुटली तर सिनेमा आत असूनही यंत्राच्या लेखी तिथं काही नाही. भारनियमनाची वर्षं ती. लाइट गेली, यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं.

डिस्क मी परभणीला एका कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या पोराकडे दिली. अशा डिस्का वाचणारे प्रोग्राम असतात. दुसऱ्या दिवशी त्यानं पेन ड्राइव्हवर सिनेमा दिला. अख्खा, शेवटपर्यंत.

घरी बघायला बसलो आणि सिनेमापेक्षा जोडच बघत राहिलो. अण्णांचा जोड मला ओळखू येतो. जाहिरातीचा एक सूर निसटतो आणि मग कट, परत येताना संवादाचा पहिला शब्द गेलेला. मध्यंतरानंतर तो जोड ढिला होत गेला. एके ठिकाणी साबणाची अख्खी जाहिरात, तिच्या मागं दुसरी. मग पुढच्या जोडापासून एकदम स्वच्छ. एकही सूर जादा नाही, एकही शब्द गेलेला नाही. सिनेमा संपला त्याच क्षणी बंद.

"आई, हे कुणी केलं?"

ती भाजी निवडत होती. "ह्यांना डोळा लागला होता. दिवसभर पेपर तपासलेले. मग मीच घेतला तो रिमोट."

"आणि लाइट?"

"लाइट कुठं गेली होती. सिनेमा संपला, मी बंद केलं, भिंतीवरचं बटणही बंद केलं. सकाळी ते लागेना म्हणल्यावर काय सांगू? झोप लागली म्हणून स्वतःलाच बोल लावत बसले असते महिनाभर. म्हणलं, लाइट गेली होती."

एवढी वर्षं आमच्या घरात ती लाइट गेलेलीच होती. अण्णा गेले तेही तीच समजूत घेऊन. आईला मी विचारलं, मग शेवट तू एकटीनंच बघितलास?

"बघितला की." तिनं मेथीची जुडी झटकली. "त्या नाग्याचा डोळा माशीनं नेला, म्हणून त्याला ती राणीमाशी पाहिजे. घेतली त्यानं, जिंकला. अन् चिंधी? माश्यांनी फोडून मारली तिला, त्याच्या पायी. ह्यांना तो सिनेमा किती मोठा वाटायचा. मला तेव्हाच सांगायचं होतं, जिंकलेल्याचं कौतुक पुरे, त्या पोरीचं बघा. पण सांगायचं तर मी बघितला हे कळलं असतं."

मग तिनं विचारलं, ती पोरगी कोण होती, स्मिता पाटीलच ना, आणि 'उंबरठा'तही तीच ना. मी हो म्हणालो. ती म्हणाली, तो बरा होता. त्यात ती बाई स्वतःच्या पायानं घराबाहेर पडते.