चिखलातलं क्रियापद

मध्ययुगीन डच भाषेत हा शब्द 'पोल्र' असा होता. 'ल'वरून 'र'वर जाताना जिभेवर एक 'ड' आपसूक उमटला आणि 'पोल्डर' झालं. 'वानर'चं 'वांदर' होताना आपल्याकडे 'द' आला, तसंच. पाण्यातून वर डोकावणाऱ्या उंचवट्याला 'पोल' म्हणतात, त्याच्याशी अभ्यासक या शब्दाचं नातं जोडतात. मला ते पटतं. बुडालेल्या मुलखात माणसाची नजर आधी त्या उंचवट्यावरच जाणार.

पोल्डर म्हणजे बांध घालून, पाणी उपसून मिळवलेली जमीन. ॲमस्टरडॅमच्या उत्तरेचं बेमस्टर हे मोठं सरोवर होतं. उपसा संपत आला असताना 1610 मध्ये वादळानं बांध फुटला, सगळं पुन्हा भरलं. लोकांनी पुन्हा उपसलं. चाळीसहून जास्त पवनचक्क्या फिरल्या आणि 1612 मध्ये तळ कोरडा झाला. पण समुद्रसपाटीखालची जमीन एकदा कोरडी करून भागत नाही. पाणी झिरपत राहतं, उपसा चालू ठेवावाच लागतो. शेजाऱ्याचा बांध खचला तर आपलं शेत बुडतं. म्हणून डच मुलखात तेराव्या शतकापासून पाणीमंडळं आहेत. वैर असलं तरी बांधासाठी एकत्र बसावंच लागे.

या पोल्डरला आपल्या '-णे'सारखा प्रत्यय लागून 'पोल्डरन' झालं: सगळ्यांना घेऊन, बोलत बोलत तोडग्यापर्यंत जाणं. 1982 मध्ये वासेनार इथे कामगार संघटना आणि मालकांनी करार केला. पगारवाढ आवरायची, बदल्यात कामाचे तास कमी करायचे. असल्या समेटाला पुढे 'पोल्डर मॉडेल' म्हणू लागले, आणि हे क्रियापद तोंडी रुळलं.

आता ते बऱ्याचदा वैतागून वापरतात: नुसत्या बैठका, निर्णय नाही. याचं मला वाईट वाटतं, कारण या शब्दाच्या मुळाशी गुळमुळीतपणा नव्हता. जुना दंडक कडक होता. ज्याला आपल्या वाट्याचा बांध राखणं झेपेना, तो बांधात फावडं रोवून निघून जाई. जो ते उपसे, त्याला जमीन मिळे आणि बांधाची जबाबदारीही. डचमध्ये हा दंडक दोन यमकी क्रियापदांत मावतो. 'डेइकन' म्हणजे बांध घालणं, 'वेइकन' म्हणजे हटणं. यातलं एक निवडावंच लागे.