गंगेचा गडू

"काशीला चाललो आहे," असे मी सांगू लागल्यापासून आमच्या पेठ वडगावातली माणसे माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहतात. चाळिशी नुकतीच ओलांडलेला, डोक्यावर अजून बऱ्यापैकी केस असलेला माणूस काशीला कशाला जाईल? तिथल्या हिंदू विश्वविद्यालयात मराठी शिकवायला जायचे आहे, असे म्हटल्यावर आमच्या न्हाव्याने कात्री थांबवून विचारले, "गंगंच्या काठी मराठी कोन शिकतंय, सर?"

मास्तराला असा प्रश्न म्हणजे आमंत्रणच. पैठणहून काशीला गेलेले गागाभट्टांचे घराणे, काशीतच जन्मलेली झाशीची राणी, विश्वनाथाचे देऊळ पुन्हा उभारणाऱ्या अहिल्याबाई, सगळे मी त्याला ऐकवले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "म्हंजे तीबी समदी हितनंच गेली म्हना की!"

गावाचा निरोप रीतसर घ्यावा म्हणून गेल्या सोमवारी, बाजाराच्या दिवशी, मी मुद्दाम हिंडलो. पण गाव काही निरोप द्यायला तयार होईना. मिरच्यांच्या ढिगामागे बसलेली मावशी म्हणाली, "वरसाची चटणी करूनच न्या. तिकडं कसलं तिखट?" किराणा दुकानदाराने वही मिटली. "ऱ्हाऊ द्या हिशेब. पुढच्या दिवाळीला आलासा की बघू." मी जातो आहे हे कुणाला पटलेलेच नव्हते!

परतताना धनाजी जाधवांच्या समाधीपाशी थांबलो. लहानपणी तिथे आम्ही लपंडाव खेळत असू. हा माणूस दक्षिणेत जिंजीपर्यंत लढला, 1706 मध्ये गुजरातेत मोगलांना धूळ चारली, आणि 1708 मध्ये आमच्या वडगावात त्याने डोळे मिटले. एवढी दौड केलेल्या माणसासमोर रेल्वेचे आरक्षित तिकीट खिशात घेऊन उभे राहताना माझे मलाच हसू आले.

खरा निरोप घरात होता. अण्णांशी भांडण झाले की आई पदर खोचून म्हणे, "मी आपली काशीला जाऊन ऱ्हाते!" चाळीस वर्षे मी हे ऐकले. म्हणून नोकरीचे पत्र आले तेव्हा वाटले, आईच्या आयुष्यातली एक इच्छा आपल्या हातून पुरी होणार. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "आई, चल काशीला."

"मी न्हाई येत," आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "काशीला मानसं मरायला जात्यात. मला हितं मायंदाळ कामं हाईत."

मी आग्रह केला. धाकटा भाऊ इथे आहे, त्याची मुले आहेत, शेजार आहे, हे मलाही कळत होते. तरी वाईट वाटले. तेव्हा तिने सूप बाजूला ठेवले आणि मला देव्हाऱ्यापाशी नेले. कोपऱ्यातली रिकामी जागा दाखवली. तिथे आजीने आणलेला गंगेचा गडू असे. तांब्याचा, तोंड झाळून बंद केलेला. आम्हा मुलांना त्याला हात लावायची बंदी होती. तीन वर्षांपूर्वी अण्णांच्या अखेरच्या घटकेला तो फोडला. मीच तुळशीपत्राने त्यांच्या तोंडात पाणी घातले होते.

"पयल्या सुट्टीला येशील तवा गडू आन," आई म्हणाली. क्षणभर थांबून तिने पुस्ती जोडली, "कुनासंगट धाडू नगंस. सोताच्या हातानं आन."

गडू कुणासाठी, हे ती बोलली नाही. मीही विचारले नाही.

निघताना आपल्याकडे कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. ही आपल्या भाषेची माया, असे मी वर्गात वर्षानुवर्षे रंगवून सांगत आलो. त्या शब्दात वचन असते, हे मात्र मला आता समजते आहे. काशी इथून दीड हजार किलोमीटर. गाडीने दीड-दोन दिवस. गडू मी आणीन, त्यात शंका नाही. पण तो फोडायची वेळ येईल तेव्हा मी कुठे असेन?

दिवाळी झाली की निघायचे आहे. ट्रंका भरून झाल्या, चटणीचा डबा बांधून झाला. एवढे मात्र राहिले आहे. उंबऱ्यापाशी वाकून आईला नमस्कार करायचा आणि 'येतो' म्हणायचे. आजवर हजारदा सहज उच्चारलेल्या त्या शब्दाची मला यंदा भीती वाटते आहे.