उसनं दाभण

तात्यांचं दाभण मी "उद्या देते" म्हणून आणलं होतं. ते साल १९८४. तो उद्या उजाडायला चाळीस वर्षं लागली.

दाभण वीतभर लांब, टोकाशी किंचित वाकलेलं, नेढ्यातून जाड सुतळी सहज जाईल असं. गोणपाटाला काठ शिवायला म्हणून मागितलं होतं. त्याच आठवड्यात तात्या आणि काकींनी खोली सोडली. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा ते आमच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागे पडून होतं. कुणाला आठवलं नाही. मला आठवलं होतं, असा एक संशय मला अजून आहे.

लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या खोल्या शेजारी शेजारी. दहा बाय बाराच्या. मध्ये लाकडी भिंत, भिंतीला एक फट. त्या फटीतून आधी काकींच्या फोडणीचा वास यायचा आणि मागून हाक. तात्या कोरेगाव तालुक्यातले, गिरणीत साचाखात्यात. आमच्याकडे मागाला साचाच म्हणत. त्या खात्यात आवाज असा की माणसं एकमेकांचे ओठ वाचून बोलत; त्यामुळे तात्या घरीही समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघत आणि स्वतः मात्र ओरडून बोलत. "मीठ दे" हे तीन खोल्यांना ऐकू जाई.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं घरी बसली. मी अकरा वर्षांची. माझे बाबा छापखान्यात, म्हणजे आमच्या घरात पगार येत होता. शेजारच्या घरात येत नव्हता. दोन्हींच्या मध्ये ती फटीची भिंत.

संप आठवड्यात मिटेल असं आधी म्हणत, मग शिमग्यापर्यंत, मग पाडव्यापर्यंत. तात्या गॅलरीत कठड्याला टेकून उभे असत. उभ्या उभ्या त्यांचा अंगठा आणि पहिली दोन बोटं आपोआप हलत. तुटलेली तार सांधायची ती हालचाल. हवेत गाठ मारायचे आणि सोडून द्यायचे. काकी एक दिवस वैतागून म्हणाल्या, "त्या बोटांना कायतरी काम द्या, मला बघवंना."

दुसऱ्या दिवशी तात्यांनी घासलेटचा एक रिकामा, गळका डबा आणला. गॅलरीत आडवा ठेवला, वरची बाजू छिन्नीनं कापली, कडा पक्कडीनं आत दुमडल्या. मग मला बोलावून खिळा हातात दिला. मी डबा पालथा घालून बुडावर खिळा धरला, तर म्हणाले, "तसं न्हाई. आतनं भाईर ठोक." का, ते डबा उन्हाकडे धरून दाखवलं. बाहेरून ठोकलं की पत्र्याचा काठ आत उभा राहतो, त्या काठाएवढं पाणी तळाशी साचतं आणि मूळ कुजतं. आतून ठोकलं की काठ बाहेर जातो, पाणी शेवटच्या थेंबापर्यंत निघून जातं. बागकामाची पुस्तकं मी पुढे पुष्कळ वाचली. हे वाक्य मला कशात सापडलं नाही.

भोकांवर कौलाचे तुकडे, त्यावर नारळाची सोडणं, मग माती. लालबागमध्ये माती आणायची कुठून, हा प्रश्न मी माझ्या मते हुशारीनं सोडवला. गणपतीच्या कारखान्यातून फ्रॉकच्या ओच्यात शाडू भरून आणली. तात्या एवढे हसले की खालच्या मजल्यावरून कुणीतरी "काय झालं?" म्हणून विचारलं. शाडू पाणी धरून बसते, सुकली की दगड होते; देव घडवायला ती चांगली, रोप जगवायला नाही. मग रसवंतीवाल्याकडून उसाची चिपाडं आली, नाक्यावरच्या पिंपळाचा पाचोळा आला, आणि खाली एक थर गावाकडच्या मातीचा. ती एस.टी.च्या टपावरून सिमेंटच्या गोणीत आली होती. तांदळाचं धुवण, साखर धुऊन काढलेली चहापत्ती, अंड्याची टरफलं हे सगळं डब्यांकडे वळलं. कढीपत्त्याला आंबट ताक. आमच्याकडचं बांगडे धुतलेलं पाणी मी एकदा मोठ्या उत्साहानं ओतलं, त्यानंतर चार दिवस गॅलरीतून जाणारे लोक आमच्या दारासमोर पावलं उचलत.

डब्यांची रांग लागली. घासलेटचे, तेलाचे, आणि पिवळ्यावर हिरवं माडाचं झाड असलेले डालड्याचे. डालड्याच्या डब्यात तुळस नाही अशी चाळ त्या काळी दाखवून द्यावी! मायाळूचे वेल कठड्यावर चढले, पानओवा दाटला, सदाफुली तर न सांगता आली. आणि पहिलं भांडणही आलं. डब्यांतलं पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या धोतरावर ठिबकायचं, तेही मातकट. चाळकमिटीपर्यंत गेलं. तात्यांनी एक शब्द उलट केला नाही. प्रत्येक भोकाखाली तारेनं नारळाची करवंटी टांगली. करवंटी भरली की तेच पाणी पुन्हा डब्यात. ज्यांचं धोतर होतं ते आजोबा पंधरा दिवसांनी पानओव्याची फांदी मागायला वर आले.

खोलीच्या आतही हे शिरलं. गिरणीतून पूर्वी स्वस्तात घेतलेले कापडाचे तुकडे ट्रंकेत होते. काकींनी ते जोडून खोलीला मधोमध पडदा केला, त्याला आधारही जुन्या लाकडी बॉबिनींचा. भिंतीत ठोकलेल्या चार बॉबिनी म्हणजे शर्टाच्या खुंट्या. एक झिजलेला धोटा तात्यांनी दारावर आडवा बसवला होता. ज्या पोकळीत कांडी बसायची तिथे किल्ली आणि रेशनकार्ड. आज घर सजवायला असल्या जुन्या वस्तू लोक भरपूर पैसे मोजून आणतात, दिवे लावून वर ठेवतात. ठेवू देत. पण मला त्या धोट्यात किल्ली दिसली नाही की चुकल्यासारखं होतं.

दिवाळीच्या महिनाभर आधी तात्यांनी कंदील करून विकायचं काढलं. बुरुडाकडून बांबू आला. कामट्या चिरायच्या, भिजवायच्या, तासायच्या, वीतभर मापानं तोडायच्या. चार कामट्यांचा चौकोन, चौकोनाला चौकोन. प्रत्येक सांध्यावर दोरा आधी तीनदा आडवा, मग तीनदा उभा, मग दोन कामट्यांच्या मधून आवळून गाठ. मधला आवळा चुकला की कंदील दोन दिवसांत वाकडा होतो. खळ मैद्याची, तिच्यात चिमूटभर मोरचूद, नाहीतर झुरळं रात्रीत कागद खातात. मोरचुदाची युक्ती बाबांची, छापखान्यातल्या बाइंडरांची. झिरमिळ्यांसाठी बाबाच कागदाची कातरण पिशव्या भरभरून आणत. कंदिलाचा माथा उघडा ठेवायचा, म्हणजे दिव्याची धग कागदाला लागत नाही.

सांगाडे बांधायचं काम माझ्याकडे. एका सांगाड्याला चार आणे. मी तीस बांधले. तात्यांनी साडेसात रुपये मोजून हातावर ठेवले. भारतमाता सिनेमाजवळच्या फुटपाथवर ते कंदील घेऊन बसत, रात्री रिकाम्या हातांनी येत. "समदे गेले," असं ओरडून सांगत. त्या साडेसात रुपयांत बाबांनी थोडे घातले आणि मला कंपासपेटी आली.

जानेवारीत भोगी आली. काकींनी पावट्याच्या शेंगा तोडायला मला गच्चीच्या जिन्याजवळच्या डब्यांकडे पाठवलं. पावटा पावसाळ्याच्या शेवटी लावलेला, थंडी पडल्यावर लगडला होता. वेल कामट्यांच्या चौकोनांवर चढले होते, चौकोनावर चौकोन, थेट माथ्यापर्यंत. शेंगा तोडता तोडता माझा हात एका गाठीवर थांबला. दोऱ्याची टोकं लांब सोडलेली. तात्या टोकं मुळाशी कापत, लांब टोकं माझी. एकेक पान बाजूला करून मी मोजलं. अकरा कंदील होते, सगळे माझे. मधला आवळा चुकलेले, वाकडे झालेले.

मी शेंगा घेऊन खाली आले आणि तात्यांना विचारलं. ते चिपाडं तोडत होते. वर न बघता म्हणाले, "गिऱ्हाईक गावलं की. वेलाला जागा पायजे हुती."

अकरा पावल्या, म्हणजे पावणेतीन रुपये. मी हे घरी सांगितलं. बाबा जेवता जेवता उठले, पाकीट घेऊन शेजारी गेले. वर्षभर पगार नाही अशा घरानं पगार येणाऱ्या घरातल्या पोरीला, न विकलेल्या वाकड्या सांगाड्यांचे पैसे द्यावेत, हे त्यांना झेपेना. भिंतीच्या फटीला कान लावून मी ऐकत होते. कान लावायची गरज नव्हतीच. तात्या ओरडूनच बोलले, "भाऊ, ती मजुरी हाय. माल खपला न्हाई तर मालकाचा तोटा. मजुराचं पैसं कापायचं न्हाईत."

बाबा परत आले, ताटावर बसले आणि पुढे एक घास खाल्ला नाही. भोगीची भाजी त्या रात्री फटीतून नाही, दारातून आली. भाकरीवर तीळ होते.

दुसऱ्या दिवशी मी तात्यांकडे जाऊन मधला आवळा शिकले. त्यांनी अकरा वेळा सोडवून पुन्हा बांधायला लावला. बरोबर अकरा, हा योगायोग नसावा.

संप मिटला असं कुणी कधी जाहीर केलं नाही. काहीजण परत कामावर गेले, पुष्कळ जण गेलेच नाहीत. तात्यांना परत घेतलं नाही. १९८४ च्या उन्हाळ्यात ते गावी निघाले. डबे त्यांनी मजल्यावर वाटून टाकले. आम्हाला कढीपत्ता मिळाला आणि तुळस. मी तेव्हा गोणपाटाचे कप्पे शिवून भिंतीवर टांगायचे, त्यात पुदिना लावायचा, या खटपटीत होते. त्यासाठी ते दाभण.

लग्नानंतर डोंबिवलीला आले, तेव्हा माहेरच्या सामानात कंपासपेटी होती आणि तिच्यात दाभण. चौथ्या मजल्यावर चार फुटांची बाल्कनी. तिथे मी श्री. अ. दाभोळकरांचं लिखाण वाचलं. कोल्हापूरचा हा गणिताचा शिक्षक ऊन, पाणी आणि पालापाचोळा यांचं गणित मांडून गच्चीवरसुद्धा पीक घेता येतं असं सांगत होता, आणि 'प्रयोग परिवार' नावानं ज्यांनी करून पाहिलं त्यांना एकमेकांशी जोडत होता. वाचताना मला सारखं वाटे, हे मी ओरडून सांगितलेलं ऐकलं आहे. पुढे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर बाग उभी राहिल्याचं वाचलं, तेव्हाही तसंच. माझ्या बाल्कनीत आज निम्म्याहून जास्त पाचोळ्याचं खतच आहे. ओली माती इतकी जड असते की चौथ्या मजल्यावर तिच्या कुंड्यांची रांग लावायला मन धजत नाही. ओल्या कचऱ्याच्या एका ओंजळीला सुक्या पाचोळ्याच्या दोन-तीन ओंजळी, एवढं पाळलं की वास येत नाही. बांगड्यांचं पाणी आता बेतानं, दहापट पाणी घालून.

कंदील दरवर्षी करते. सोसायटीतली मुलं येतात, त्यांच्या गाठींची टोकं लांब असतात. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा मखराचं काय करायचं म्हणून सोसायटीत सभा भरली. मी घरी जाऊन कामट्या भिजत घातल्या. वाकडे सांगाडे मी टाकत नाही, दिवाळीनंतर ते कुंड्यांत उभे राहतात. मुलांना मजुरी देते. किती देते ते सांगत नाही, त्यांचे आईबाप पाकीट घेऊन येतील.

तात्या २००९ साली गेले. कळलं ते तीन महिन्यांनी. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. गेल्या वर्षी शेवटी एस.टी. धरली. काकी नव्वदीच्या आसपास, ओसरीवर बसलेल्या. मला ओळखायला थोडा वेळ लागला. मग म्हणाल्या, "फटीतली पोर!"

चहा झाला. मी पर्समधून रुमालात गुंडाळलेलं दाभण काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. घरून निघताना मनाशी ठरवलं होतं की त्या म्हणतील, राहू दे ग तुझ्याकडे, त्यांची आठवण. त्यांनी ते उचललं, टोकावर बोट फिरवलं, नेढं उजेडाकडे धरलं. "बरं झालं आणलंस. मी मेली सगळीकडं हुडकत हुते," असं म्हणून दाभण देवळीत ठेवून दिलं. विषय संपला. आता गोणपाट शिवायचं तर मला शेजारी मागावं लागतं.

निघताना त्यांनी सुनेला हाक मारून वर्तमानपत्राची एक पुडी आणवली. पावट्याचं बी. परसातल्या वेलाचं, तो वेल कुठून आला ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुडी माझ्या हातात देताना मूठ सोडली नाही. माझ्या तोंडाकडे टक लावून बघत, तात्यांसारखंच ओरडून म्हणाल्या, "फुकट न्हाई हां. पुढल्या संक्रांतीला निम्मं परत आण."